तळटीप : वॉर्डातील पाळी
* पत्रलेखकाने येथे ज्या पाळीचा त्रोटक उल्लेख केला आहे ती सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातील, वॉर्डाची पाळी होय. पहिले वर्ष ओलांडलेल्या वर्गाच्या हजेरीपटाच्या क्रमाने तुकड्या पाडून त्या औषधवैद्यकशास्त्र, शल्यचिकित्सा, प्रसूती, बालरोग अशा खात्यांकडे काही आठवड्यांच्या मुदतीने आळीपाळीने धाडण्यात येतात. आणि नेमून दिलेल्या खाटेवरील रुग्णाची हकिकत प्रत्येकाने स्वतः विचारून, नाडी पाहून, पोट चाचपून अध्यापकांपुढे मांडावी, असा शिरस्ता आहे. सेवाग्रामचा विशेष मात्र असा की, कस्तुरबा रुग्णालयातील खाटेच्या आधी विद्यार्थ्याच्या वाट्याला गाव येते : पहिल्याच वर्षी नवा वर्ग वर्ध्याच्या परिसरातील एक खेडे दत्तक घेतो, तेथे शिबिरात मुक्काम करतो, आणि ज्याला जी घरे वाटून दिली त्याने त्यांची विचारपूस पुढेही चालू ठेवावयाची असते. पदवीपरीक्षेनंतरच्या वर्षभराच्या फिरत्या उमेदवारीतही ग्रामीण केंद्रावरील नेमणूक कोणास चुकत नाही.