आठवीनंतर शाळेतला आहार बंद. मग डब्यात काय द्यावे?

हिंगोली जिल्ह्यात शासकीय आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना शालेय पोषण आहार मिळतो. २०२१ पासून या केंद्रीय योजनेचे नाव 'पीएम पोषण' आहे. नववीपासून मात्र हा आहार नाही. वाढीच्या वयात भूक वाढलेली असते, नेमकी तेव्हाच डब्याची जबाबदारी घरावर येते.

किती हवे?
सहावी ते आठवीसाठी योजनेचे माप रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे आहे. नववी-दहावीचा डबा त्याहून हलका नसावा.

घरातल्याच वस्तूंत कसे बसते?
१०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे १० ग्रॅम, ३० ग्रॅम बेसनाच्या झुणक्यातून सुमारे ६ ग्रॅम आणि मूठभर (२० ग्रॅम) शेंगदाण्यांतून सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे २० ग्रॅमचे माप पूर्ण होते. पाळी सुरू झालेल्या मुलींना लोह जास्त लागते. त्यांच्या डब्यात मेथी किंवा शेपूची भाजी आणि लिंबाची फोड द्यावी. लिंबामुळे भाजीतले लोह अंगी लागते.

उन्हाळ्यात काय टाळावे?
५ ते ६० अंश तापमानात अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून मराठवाड्याच्या उन्हात पातळ पिठले, ओल्या खोबऱ्याची चटणी टाळावी. कोरडा झुणका, शेंगदाण्याची चटणी बरी. भाकरीची वाफ गेल्यावरच डबा बंद करावा.