छापील गाइड: नकाशा टिकतो, खबर शिळी होते



व्हिडिओ गेम कसा जिंकायचा हे सांगणारे छापील पुस्तक विकत घ्यावे का? पुण्या-मुंबईत कुणी हे विचारले तर लोक हसतील. मोबाईल सगळे फुकट सांगतो. पण अरुणाचलच्या डोंगरात, जिथे बर्फ पडला की नेटवर्क जाते आणि घरी फोनसुद्धा लागत नाही, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून आज या पुस्तकांचा थोडा इतिहास.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केन उस्टन याचे पॅक-मॅनवरचे पुस्तक आले. हा मूळचा पत्त्यांतला खेळाडू, कॅसिनोवाल्यांना घाम फोडणारा. पॅक-मॅनमधली चार भुते ठरलेल्या नियमाने चालतात. तुम्ही तीच चाल केली की तीही तीच चाल करतात. म्हणून छापलेला मार्ग पाठ केला की फत्ते! शत्रूची गस्त रोज त्याच वेळी, त्याच वाटेने जात असेल तर घात लावायला कितीसा वेळ लागतो? पण त्याच सुमारास मिस पॅक-मॅन आला. त्यात भुतांच्या चालीत थोडी अनिश्चितता घातली होती. जुने पाठांतर तिथे कामाला आले नाही.

जपानमध्ये १९८५ साली सुपर मारिओ आला, आणि तोकुमा शोतेन या प्रकाशनाचे त्यावरचे पुस्तक त्या काळी तिथल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत गेले. कारण सरळ होते. गेममध्ये लपलेल्या वाटा होत्या आणि त्या शोधायला दुसरे साधन नव्हते. अमेरिकेत निन्टेन्डोने १९८८ मध्ये निन्टेन्डो पॉवर हे मासिकच काढले आणि त्यात पानभर नकाशे छापले. १९९० मध्ये प्रायमा ही फक्त गाइड काढणारी कंपनी उभी राहिली.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे नकली खेळयंत्र आले, त्याच्याबरोबर धड माहितीपत्रकही नसे. आमचे गाइड म्हणजे गल्लीतला मोठा पोरगा. कॉन्ट्रामध्ये तीस जीव मिळवायची 'वर-वर-खाली-खाली' ही युक्ती आमच्यापर्यंत तोंडीच आली. पुस्तक कुणी पाहिलेच नव्हते.

१९९५ मध्ये गेमफॅक्स ही वेबसाइट सुरू झाली. खेळणारेच लिहू लागले, तेही फुकट. पुस्तकवाल्यांना पहिला धक्का इथे बसला. दुसरा त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला. २००० साली फायनल फँटसी ९ चे अधिकृत गाइड निघाले. त्यात जागोजागी लिहिले होते की पुढची माहिती वेबसाइटवर पाहा. पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकाने दुसऱ्याच्या दारात पाठवायचे! ती वेबपाने आज तिथे नाहीत, म्हणजे पुस्तकाची तेवढी जागा कायमची मुकी झाली. पुढे ब्रॅडीगेम्स प्रायमात विलीन झाली, आणि २०१८ मध्ये प्रायमानेही दुकान बंद करत असल्याचे जाहीर केले.

मग या पुस्तकात पैसे घालावेत का? आमच्या धंद्यात याचे उत्तर जुनेच आहे. सर्वे ऑफ इंडियाचा वीस वर्षांपूर्वीचा नकाशा घेतला तरी डोंगर, नाला आणि खिंड जागच्या जागी सापडतात. पण शत्रूची काल संध्याकाळची खबर आज सकाळी शिळी असू शकते. गेमचेही तसेच आहे. झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ मध्ये आला. त्यात १२० मंदिरे आणि ९०० कोरोक बिया मुलखभर विखुरलेल्या आहेत. पिगीबॅक प्रकाशनाचे त्याचे गाइड नकाशासाठी आजही चालते, कारण ते डोंगर हललेले नाहीत. पुढे गेममध्ये नवा भाग जोडला गेला तेव्हा प्रकाशकाला वाढीव आवृत्ती काढावी लागली, म्हणून घेताना आवृत्ती तपासावी. याउलट जे गेम नेटवरून दुसऱ्या माणसांशी खेळतात, त्यांच्यात कंपनी हत्यारांची ताकदच दर थोड्या दिवसांनी बदलते. त्याचे पुस्तक छापून बाहेर येईपर्यंतच जुने होते.

आमच्या बरॅकमधला सातारचा एक पोरगा रजेवर निघताना म्हणाला, "साहेब, येताना एक गाइड आणू का? महाग आहे, पण हिवाळाभर पुरेल."

मी म्हटले, "एकट्याने खेळायचा गेम असेल, त्यात मोठा मुलूख असेल आणि पुस्तकात पूर्ण नकाशे असतील, तर आण. नुसत्या युक्त्या छापल्या असतील तर ते पैसे आईच्या हातात दे."

तो म्हणाला, "आणि साहेब, पोस्टिंग बदलल्यावर पुस्तकाचे काय?"

मी सांगितले, रिक्रिएशन रूममध्ये ठेवून जायचे. आपण चौकी सोडताना पुढच्या तुकडीला नकाशा आणि वाटांची माहिती देऊनच निघतो. मोबाईलमधली माहिती नेटवर्क गेले की गप्प बसते. पुस्तक कपाटात पडून राहते आणि जो उघडेल त्याच्या कामाला येते. दहा जणांनी वाचले की किंमत दहात वाटली गेली. त्या हिशेबाने एक चांगला नकाशा महाग पडत नाही.

जय हिंद.