तिखट व मसाले, जुन्नर परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत नित्याच्या स्वयंपाकात मिरची आणि तिच्या जोडीचे मसाले वापरण्याची जी रीत आहे, तिचा इतिहास मोठ्या व्यापारी मार्गांच्या इतिहासाशी निगडित आहे. पुणे–नासिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, ते आळेफाटा हे या परिसराचे आजचे नाके होय. याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्याकडे भरपूर पाऊस व भातशेती, तर पूर्वेस अवर्षणप्रवण पट्टा व बाजरी अशी विभागणी आहे. दोन्ही भागांत भाकरी किंवा भात, एखादे कालवण आणि मिरचीचा खर्डा हा सामान्य कुटुंबाचा आहार राहिला आहे. मराठीत ‘तिखट’ हा शब्द चवीचा वाचक आहे आणि वाळलेल्या लाल मिरचीच्या पुडीचाही. चव आणि पदार्थ इतके एकरूप झाले असले, तरी ही वनस्पती येथे येऊन पुरती पाच शतकेही झालेली नाहीत.

मिरचीपूर्वी तिखटपणासाठी मुख्यतः मिरी, पिंपळी, आले व सुंठ, मोहरी आणि लसूण यांचा आधार होता. यांपैकी मिरीचा वेल उष्ण, दमट व सावलीच्या प्रदेशात वाढतो. त्यामुळे मलबारची मिरी दख्खनच्या पठारावर विकतच आणावी लागे. जुन्नर मात्र व्यापारी मालाच्या वाटेवरच वसलेले होते. कोकणातून घाटमाथ्यावर येणारा नाणेघाट सातवाहनकाळी वाहता होता. तेथील लेण्यातील नागनिकेचा शिलालेख इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो, आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविण्यात येतो. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा व पाण्याच्या टाक्याचा उल्लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस  या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा निर्देश असून, मिरी मलबारच्या बंदरांतून व पिंपळी भडोचहून निर्यात होत असल्याची नोंद आहे. ग्रीक ‘पेपेरी’ व लॅटिन ‘पायपर’ हे मिरीचे शब्द मूळ ‘पिप्पली’वरूनच निघाले आहेत.

मिरचीपूर्व जुन्नरच्या बाजाराविषयी एक अनपेक्षित साक्ष उपलब्ध आहे. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी इ. स. १४७० च्या सुमारास चौल येथे उतरला आणि पालीवरून घाट चढून जुन्नरला आला. पावसाळ्याचे दिवस त्याने येथेच काढले. खडकाच्या बेटावर वसलेले व ईश्वरानेच घडविलेले, असे जे नगराचे वर्णन तो करतो, ते शिवनेरीला अनुलक्षून असावे. आपल्या देशात खपेल असा माल येथे मिळेल, असे सांगून आपली फसवणूक झाल्याची त्याची तक्रार आहे. स्वस्त काय, तर मिरी आणि रंग. परंतु जकात भारी आणि समुद्रात चाच्यांचे भय, असे तो नमूद करतो. ही तक्रार आहार-इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. दूरदेशीच्या व्यापाऱ्याला मिरी स्वस्त वाटली, म्हणून ती कुणब्याच्या चुलीपर्यंत रोज पोहोचत होती असे मात्र समजता येत नाही. विकत आणाव्या लागणाऱ्या वस्तूंत मिठाची गरज आधीची होती. हे मीठही कोकणातील आगरांतून बैलांच्या पाठीवर घाट चढून येई. मिरी सणावाराला, बाळंतिणीच्या आहारात व औषधात आणि रोजच्या कालवणात लसूण व मोहरी, अशी वाटणी असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

ग्रंथांतील उल्लेख याला पूरक आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास  या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. त्यात मिरी, हिंग, जिरे, आले, मोहरी येतात. मिरची येत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस आहाराच्या लक्षणांत तीक्ष्ण पदार्थांची गणना आहे. त्यावर भाष्य करणारी ज्ञानेश्वरी  शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झाली, तेव्हा या देशात मिरचीचे एकही झाड नव्हते. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्याची समाधी आळेफाट्याजवळच्या आळे या गावी दाखविली जाते. तेथे यात्रेस येणाऱ्यांच्या शिदोरीत मिरची नसेल असा दिवस आज कल्पिता येत नाही. ज्ञानेश्वरांच्या काळी मात्र ती असणेच अशक्य होते.

मिरची (कॅप्सिकम ॲन्युअम) ही मूळची मेक्सिकोची. कोलंबसाच्या १४९२–९३ च्या सफरीनंतर ती यूरोपात पोहोचली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, गोवे १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले, आणि त्यानंतर चौल व वसई ही उत्तर कोकणातील ठाणी त्यांनी उभारली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची पश्चिम किनाऱ्यावर आली, हे सर्वमान्य आहे. तिचा प्रसार प्रथम संथ होता, असे दिसते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी स्नेह असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात मिरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, मिरचीवर नाही. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरी तील (सोळाव्या शतकाची अखेर) पाककृतींतही तिखटपणा मिरी व आल्याचाच आहे. चौल ते जुन्नर ही निकितिनची वाट मिरचीलाही मोकळी होती. नवागत वस्तूला नाव देताना मराठीने जुन्याच शब्दाचा आधार घेतला : संस्कृत ‘मरिच’, त्यावरून ‘मिरी’ आणि तिच्यासारखी झोंबणारी ती ‘मिरची’. कोकणीतील ‘मिरसांग’ हा शब्दही त्याच कुळातला. कोलंबसानेही मिरीच्या शोधात असताना या फळाला मिरीचेच नाव दिले होते.

पोर्तुगीजांनी भारतीयांना तिखट खायला शिकविले, हे विधान वारंवार केले जाते. ते बरोबर नाही. तिखटाची आवड जुनीच होती. मिरचीने तिचा खर्च काढून टाकला. मिरीसाठी बाजार गाठावा लागे. मिरचीचे रोप परसात, मोटेच्या पाटाकडेला किंवा दुसऱ्या पिकात येते. पुढील वर्षाचे बी घरच्याच वाळल्या फळातून निघते. उन्हात वाळविलेली मिरची वर्षभर टिकते आणि थोडकी पुरते. कॅप्सेसीन हे तिचे झोंबणारे द्रव्य बियांत नव्हे, तर बिया ज्यावर असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते; म्हणून तिखट तेलात परतण्याची व जेवणात ताक घेण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्वही विपुल असते. ज्या घरात भाजी रोज शिजत नसे, तेथे भाकरीबरोबर काही तोंडी लावायचे ते मिरचीनेच पुरविले. तव्यावर भाजलेली हिरवी मिरची, लसूण व मीठ एवढ्यावर होणारा खर्डा ही म्हणूनच चैन नव्हे. मिरी गरिबाला परवडली नसती, त्या ठिकाणी मिरची बसली.

परिसरातील वर्षाचा मसाला उन्हाळ्यात, पावसापूर्वी करून ठेवतात. मिरच्या, धने, खोबरे, तीळ, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी इ. जिन्नस भाजून ते पूर्वी उखळात मुसळाने कांडीत. आता ते डंकावर कांडून आणतात. भाजण्याचे प्रमाण घरागणिक बदलते व मसाल्याचा काळेपणा त्यावर ठरतो. कालवणासाठी विस्तवात भाजलेला कांदा, सुके खोबरे व लसूण यांचे वाटण पाट्यावर करीत. या सर्वांचा मेळ मासवडी या येथील खास पदार्थात दिसतो. तिखट, तीळ, खोबरे, कांदा व लसूण यांचे सारण शिजविलेल्या बेसनाच्या पोळीत गुंडाळून तिला माशासारखा आकार देतात, वड्या कापतात आणि झणझणीत रश्शाबरोबर वाढतात. नावात मासा असला, तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी आहे.

जुन्या व नव्या वस्तूंचे स्थान धार्मिक आचारात काहीसे चमत्कारिक रीतीने ठरलेले दिसते. उपवासाला हळद, हिंग व मोहरी हे येथील प्राचीन जिन्नस वर्ज्य; परंतु मिरची, बटाटा, शेंगदाणे व साबुदाणा हे मूळ अमेरिकी वनस्पतींपासूनचे पदार्थ चालतात. आयुर्वेदातील त्रिकटूत सुंठ, मिरी व पिंपळी हीच त्रयी कायम आहे. दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांच्या जोडीला लाल मिरच्या मात्र आल्या. भाषेनेही दोन्ही काळ जपले : डोक्यावर मिरे वाटणे ही एका काळाची खूण, तर नाकाला मिरच्या झोंबणे ही दुसऱ्या.

छापील पाकग्रंथांनी घरगुती प्रमाणांना एकसारखेपणा आणला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र (१९१०) व कमलाबाई ओगले यांचे रुचिरा (१९७०) ही त्यांतील प्रमुख पुस्तके. ग्रामीण स्वयंपाकात मात्र हाताचा अंदाजच चालत राहिला. मोठा बदल पाण्याने घडविला. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या धरणांमुळे अनेक गावांत बागायत वाढली. नारायणगाव टोमॅटोच्या व आळेफाटा कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्धीस आले. टोमॅटो ही मिरचीचीच भाऊबंद, त्याच धोत्रा-वांग्याच्या कुलातील. कालवणातील चिंचेची जागा तिने बऱ्याच घरांत घेतली. वाळलेली मिरची मात्र आता परसातून क्वचितच येते. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी किंवा गुंटूर आणि दोन्हींसाठी संकेश्वरी, अशी निवड करून ती बाजारातून आणतात. मिरीप्रमाणेच मिरचीही विकतची झाली आहे. महामार्गावरील खाणावळींत मासवडीचे ताट प्रवाशांच्या मागणीने वर्षभर मिळते. पश्चिमेकडील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांतून भाताबरोबर अद्याप पाट्यावर वाटलेली हिरवी मिरचीच घेतात.