थ्रेड : धनीच बुडाला तेव्हा – १८१८ नंतरची पुण्यातली नोकरीची शोधाशोध

नोव्हेंबर १८१७. खडकीच्या लढाईनंतर अवघ्या बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढच्या जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला रवाना झाला. पेशव्याची सोय लागली. पेशव्याच्या चाकरीत असलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच विचारला जातो.

पुणे हे एका धन्याच्या आश्रयावर उभे राहिलेले शहर होते. दफ्तरातले कारकून, शिलेदार, गडावरची शिबंदी, दक्षिणेवर जगणारे शास्त्री, वाड्यांना माल पुरवणारे सराफ आणि कारागीर, सर्वांचे अन्न एकाच चुलीवर शिजत होते. ती चूल विझली. मग कोणाची विद्या नव्या धन्याच्या उपयोगी पडली?

सर्वांत आधी सावरला तो कारकून. नाना फडणिसांच्या काळात हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. गावोगावचा जमाखर्च, सरंजाम, इनामे, वतने यांचे सारे कागद तेथे होते. बाजीरावाच्या अमदानीत या दफ्तराची आबाळ झाली खरी, तरी मुलखाची किल्ली त्यातच होती. आता गंमत पाहा : मुलूख जिंकणाऱ्या साहेबाला तो कागद वाचताच येत नव्हता. अक्षर मोडी, हिशेबाची रीत जुनी, आणि कोणत्या गावाची कोणती नोंद कोणत्या रुमालात बांधली आहे हे ठाऊक फक्त जुन्या माणसांना.

दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने वसुलीची मक्तेदारी बंद केली, पण मामलतदार, पाटील, कुलकर्णी ही चौकट मोडली नाही. त्यामागे औदार्य होते तसा नाइलाजही होता. पुण्यास रॉबर्टसन, नगरास पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज असे मोजके गोरे अधिकारी. खालचा सारा कारभार चालवायला येथलीच माणसे हवी होती. तेव्हा कारकुनाचा धनी बदलला, बैठक बदलली नाही. जे काम नव्या मालकाला स्वतः करता येत नाही आणि ज्यावाचून त्याचे चालतही नाही, ते हाती असणाऱ्याला फार काळ घरी बसावे लागत नाही. १८१८ च्या कारकुनाने हे कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. त्याने कचेरीचा उंबरा गाठला, इतकेच.

कचेरीत शिरण्याचा मार्ग होता उमेदवारी. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला. जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी नकला करायच्या, अक्षर घोटायचे, वरिष्ठांची मर्जी राखायची. बिनपगारी काम ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न आहे त्यालाच परवडते, हे तेव्हाही खरे होते. आजच्या विनावेतन इंटर्नशिपची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

शास्त्र्यांची गोष्ट वेगळी. श्रावणातली दक्षिणा हा पेशवाईचा मोठा खर्च होता. एल्फिन्स्टनने तो एकदम तोडला नाही. वर्षाला पन्नास हजार रुपये राखून ठेवले आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. काही शास्त्र्यांना तेथे आसन मिळाले. काहींनी मुंबई गाठली आणि कोशाच्या कामात हात घातला. १८२९ चा शास्त्रीमंडळाचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ आणि १८३१ चा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश यांमागे त्यांचे कष्ट आहेत. व्याकरण आणि अमरकोश मुखोद्गत असलेला माणूस पाठशाळेबाहेरही उपयोगी पडू शकतो, हे पुण्याला बहुधा तेव्हा प्रथमच कळले असावे.

शिलेदाराला अशी वाट नव्हती. त्याचा घोडा हेच त्याचे भांडवल. चाकरी सुटताच तोच घोडा खाणारे तोंड झाला. काही स्वार इंग्रजी रिसाल्यांत सामावले गेले, पण कवायती पलटणींच्या राज्यात इतके स्वार हवेच होते कोणाला? मालेगावचा किल्ला १८१८ मध्ये लढवणाऱ्या अरब शिपायांसारख्यांना तर नव्या सरकारला मुलखातच ठेवायचे नव्हते. गड ओस पडले तशी गडांची राखण करणाऱ्या रामोश्यांचीही चाकरी आणि हक्क गेले. पुरंदरच्या परिसरातल्या उमाजी नाईकांचे बंड याच असंतोषातून पेटले. १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. कारकून तरला आणि रामोशी बुडाला, यात एकाची हुशारी आणि दुसऱ्याचा आळस शोधणे अन्यायाचे होईल. लेखणी कोणत्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती आणि कोणत्या घरांत येऊच दिली नव्हती, हे आधी पाहावे लागते.

लेखणीवाल्यांनाही फार काळ उसंत मिळाली नाही. एका पिढीत दुसरा बदल आला : इंग्रजी.

फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. त्यांचे फडणीस होते हरिपंत देशमुख. पाच वर्षांनी हरिपंतांना पुत्र झाला, गोपाळ. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मोडी आणि हिशेब घरचेच होते. पण नव्या कचेरीत वर चढण्यास ते पुरे पडणार नाहीत हे गोपाळरावांनी ओळखले आणि अठराव्या वर्षाच्या सुमारास, बरोबरीची मुले संसाराला लागत असता, ते इंग्रजी शाळेत जाऊन बसले. १८४४ मध्ये दख्खनच्या सरदारांच्या एजंटाकडे भाषांतरकाराची जागा मिळाली. ज्या सरदारवर्गाच्या पदरी वडिलांनी लेखणी चालवली, त्याच वर्गाचे कागद मुलगा साहेबासाठी इंग्रजीत उतरवू लागला. १८४६ मध्ये मुन्सफीची परीक्षा, १८५२ मध्ये वाईस मुन्सफ, १८५६ मध्ये इनाम कमिशनचा साहाय्यक.

हेच ‘लोकहितवादी’. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात त्यांनी शतपत्रे लिहिली आणि त्यांत आपल्याच जातभाईंना सुनावले : भिक्षुकी आणि सरकारी चाकरी यांपलीकडे व्यापार आहे, कारागिरी आहे, नवी विद्या आहे, तिकडे वळा. सल्ला देणारा स्वतः सरकारी चाकर होता, ही विसंगती समकालीनांना जाणवली असेल. पण तो सल्ला ज्या घरातून आला, त्या घराने धनी बुडताना पाहिला होता.

गोपाळराव १८७९ मध्ये न्यायखात्यातून निवृत्त झाले. घरी मात्र बसले नाहीत; साठी उलटल्यावर ते रतलाम संस्थानाचे दिवाण झाले.