तीन खड्डे, तीन कागद

आमच्या मळ्यात आजवर तीनदा मोठं खोदकाम झालं. आज्याने विहीर पाडली, वडलांनी ती खोल केली आणि मी घराच्या पायासाठी खड्डा घेतला. जमीन तीच, सातबाराही घरातलाच. पण तिन्ही वेळा सरकारने विचारलेला प्रश्न वेगळा होता.

आमच्याकडे पारावर एक बोलणं नेहमी चालतं. "पूर्वी कोण कुणाला इचारत व्हतं? आपलं रान, आपली पहार." मीही तसंच म्हणायचो. मग आज्याच्या ट्रंकेत तगाईचा कागद सापडला. इंग्रज सरकारने 1883 साली जमीन सुधारण्यासाठी कर्ज देण्याचा कायदा केला होता. विहिरीसाठी त्यातून तगाई मिळायची. म्हणजे कागद तेव्हाही होताच. पण त्यात प्रश्न एकच, हा गडी कर्ज फेडील का? पाणी कुठं लागेल ते पानाड्याने सांगितलं, खोदलं वडारांनी. निघालेला मुरूम आज्याने मळ्याच्या वाटेवर पसरला. त्या वाटेवर आजही पावसात चिखल होत नाही.

जमिनीखालच्या खनिजावर सरकारचा हक्क आहे, हे 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातही लिहिलेलं होतं. पण शेतकऱ्याच्या पाटीभर मुरमासाठी आमच्या वाटेला कुणी आलं नाही, म्हणून आम्हाला तो हक्क आपलाच वाटत राहिला.

1972 च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला. मी तेव्हा शाळकरी पोर. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि सुकडी खाऊन दिवस काढायची. वडलांनी विहीर खोल करायला घेतली. खाली काळा पाषाण लागला. सुरुंगवाला आला, पण त्याच्याजवळ दारूचा परवाना होता म्हणूनच तो आला. "बार हाय, बार हाय" ओरडत आम्ही पोरं लांब पळायचो. त्या वेळचा प्रश्न होता, माणूस मरणार नाही ना? तो मला तेव्हाही पटला होता.

पुढं विहिरींची गर्दी झाली आणि गावच्या नळाचं पाणी आटायला लागलं. 1993 साली कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची, तर परवानगी हवी. "आता पाण्याला बी सरकारला इचारायचं?" म्हणून वडील चिडले. पण माझी आई रोज नळाच्या रांगेत उभी राहायची. ती काही बोलली नाही.

तिसरा खड्डा माझा. गावाची नगरपंचायत झाली होती, मळा हद्दीत आला होता. पोराचं लग्न ठरलं, घर बांधायचं ठरलं. सातबारा, मोजणीचा नकाशा, इंजिनीयरचा प्लॅन, हमीपत्र. पाच हेलपाटे झाले. जागा पाहायला आलेला इंजिनीयर म्हणाला, "काका, शेजारच्या भिंतीपासून खड्डा लांब घ्या." भिंत मातीची, शेजारच्या आक्कांची. मी म्हणालो, "साहेब, बांधापातुर रान माझं हाय." तो म्हणाला, "रान तुमचं, भिंत त्यांची." परवाना हवा होता म्हणून खड्डा मुकाट्याने आत घेतला.

पोकलेनने दोन दिवसांत काम उरकलं. मुरूम चांगला निघाला. चार डंपर मित्राच्या अंगणात टाकले, डिझेलचे तेवढे पैसे घेतले. पंधरा दिवसांत महसूल खात्याची नोटीस आली. कारकून म्हणाला, "काका, परवानगी खोदायची होती. मुरूम बाहेर न्यायची कुठं होती?" तेव्हा कळलं. 1966 च्या जमीन महसूल संहितेतलं 48 वं कलम, मुरूम म्हणजे गौण खनिज, ब्रासावर स्वामित्वधन. साधी मातीसुद्धा भरावासाठी वापरली तर 2000 सालापासून गौण खनिजात धरतात. पायासाठी उकरलेली माती त्याच जागेत भरावाला वापरली तर काय, हा वाद पुण्याच्या बिल्डरांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 2014 साली न्यायालयाने सांगितलं की, नुसतं उकरलं म्हणून आकारणी होत नाही, माती कशाला वापरली ते बघावं लागतं. माझा मुरूम तर दुसऱ्याच्या अंगणात होता. दंड भरला, सोयाबीनच्या पैशातून.

राग आला तो दंडाचा नव्हे. पाच हेलपाट्यांत कुणीतरी एक ओळ सांगितली असती, तर मुरूम माझ्याच वाटेवर पडला असता. परवाना देणारं कार्यालय एक, दंड करणारं दुसरं. शेतकऱ्याला मात्र दोन्ही सरकारच.

त्याच आठवड्यात वळवाने झोडपलं. रात्री खड्ड्याची एक बाजू धपकन ढासळली. बॅटरी घेऊन धावलो. कड भिंतीच्या दिशेने बरीच आत गेली होती, पण भिंत उभी होती. भिंतीपलीकडं आक्का आणि त्यांचा नातू झोपले होते.

सकाळी आक्का चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आबा, खड्डा आत घेतला ते लई बरं केलंत."

मी "व्हय" म्हणालो आणि चहा घेतला. खड्डा कुणाच्या सांगण्यावरून आत घेतला, ते मात्र सांगितलं नाही. ते इथं लिहून ठेवतो.