संस्थेच्या वेबसाइटवर 'लॉगिन' आणि 'लॉगआउट'ची लिंक कशी लावायची? गावातल्या संस्थांसाठी सविस्तर माहिती

शेतकरी उत्पादक कंपनी, पाणी वापर संस्था, शाळा, वाचनालय... आता गावागावांतल्या संस्थांच्या स्वतःच्या वेबसाइट होऊ लागल्या आहेत. त्यात सभासदांसाठी वेगळं पान असतं. कुणाचा किती माल आला, काय दराने गेला, किती रक्कम जमा झाली हे तिथं बघायला मिळतं. हे पान बघायला आधी लॉगिन करावं लागतं, आणि काम झालं की लॉगआउट करून बाहेर पडावं लागतं.

अडचण इथंच येते. लॉगिन कुठून करायचं ते सभासदाला सापडत नाही, आणि एकदा आत गेल्यावर बाहेर कसं पडायचं ते कळत नाही. घरात एकच मोबाईल चौघांच्या हातात फिरतो. कुणी सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर खातं उघडतो आणि तसाच उठून जातो. मागून येणाऱ्याला त्याचा सगळा हिशोब उघडा दिसतो. म्हणून या दोन छोट्या लिंक नीट लावणं महत्त्वाचं आहे.

छोट्या संस्थांच्या बऱ्याच वेबसाइट 'वर्डप्रेस'वर बनवलेल्या असतात. 2003 साली सुरू झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. खालची सगळी माहिती वर्डप्रेसची आहे. संस्थेची वेबसाइट जो कुणी सांभाळतो त्याला ही बातमी दाखवा.

आधी हे समजून घ्या

वर्डप्रेसचं लॉगिनचं पान ठरलेलं असतं. वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'डब्ल्यूपी-लॉगिन डॉट पीएचपी' असं इंग्रजीत टाकलं की ते उघडतं. पण एवढं टाइप करून कोण जाणार? म्हणून मेन्यूत लिंक लागते.

लॉगिनची लिंक सगळ्यांना सारखीच चालते. लॉगआउटची मात्र तशी नाही. लॉगआउटच्या लिंकला शेवटी एक गुप्त खूण जोडलेली असते. ती त्या माणसापुरती आणि त्या लॉगिनपुरतीच असते, आणि साधारण एका दिवसात शिळी होते. कुणी बाहेरच्याने फसवी लिंक पाठवून तुम्हाला परस्पर लॉगआउट करू नये, यासाठी ही सोय आहे.

आता बरेच जण काय करतात? स्वतः लॉगिन असताना वरच्या पट्टीतली 'लॉग आउट'ची लिंक कॉपी करतात आणि मेन्यूत चिकटवतात. त्यांच्याकडे ती चालते. दुसरा सभासद दाबतो तेव्हा मात्र 'तुम्हाला खरंच लॉगआउट करायचं आहे का?' असं विचारणारं पान येतं. नवखा माणूस तिथं गोंधळतो आणि पान तसंच बंद करतो. आपण बाहेर पडलो असं त्याला वाटतं, पण खातं उघडंच राहिलेलं असतं. म्हणून लॉगआउटची लिंक कधीही कॉपी करून चिकटवू नका.

पद्धत 1 : तयार ब्लॉक वापरा

वर्डप्रेसच्या 5.8 आवृत्तीपासून (2021) 'लॉगिन/आउट' नावाचा ब्लॉक आलेला आहे. माणूस बाहेर असेल तर तो लॉगिन दाखवतो, आत असेल तर लॉगआउट. गुप्त खूणही तो स्वतःच जोडतो. सगळ्यात सोपा मार्ग हाच.

1. वेबसाइटमध्ये अॅडमिन म्हणून जा. मोबाईलवरून करत असाल तर ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करा, म्हणजे सगळी बटणं दिसतील.
2. ज्या पानावर लिंक हवी ते पान संपादनासाठी उघडा आणि अधिकच्या चिन्हावर दाबा.
3. शोधण्याच्या चौकटीत इंग्रजीत 'लॉगिन' टाका आणि ब्लॉक निवडा.
4. उजवीकडच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय दिसतील. एकाने लिंकच्या जागी थेट नाव-पासवर्डच्या चौकटी येतात. दुसऱ्याने लॉगिन किंवा लॉगआउट झाल्यावर माणूस होता त्याच पानावर परत येतो. दुसरा पर्याय चालू ठेवलेला बरा.
5. बदल जतन करा.

तुमची थीम नव्या पद्धतीची असेल, म्हणजे 'अपिअरन्स'मध्ये 'एडिटर' दिसत असेल, तर वर्डप्रेसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हाच ब्लॉक वरच्या मेन्यूतही बसवता येतो. मग तो प्रत्येक पानावर दिसतो.

पद्धत 2 : जुन्या थीमचा मेन्यू

'अपिअरन्स'मध्ये 'मेन्यूज' दिसत असेल तर थीम जुन्या पद्धतीची आहे. तिथं 'कस्टम लिंक्स'मध्ये लॉगिनच्या पानाचा पूर्ण पत्ता टाका, नाव द्या आणि मेन्यूत जोडा. लॉगिनचं काम झालं.

लॉगआउटसाठी मात्र प्लगिन घ्यावं लागेल, नाहीतर वेबसाइट बनवणाऱ्याकडून चार ओळींचा कोड लिहून घ्यावा लागेल. लॉगआउटचा बरोबर पत्ता तयार करून देणारं फंक्शन वर्डप्रेसमध्ये आधीपासून आहे, त्याला फक्त ते वापरायला सांगा. कोड मूळ थीममध्ये टाकू देऊ नका, 'चाइल्ड थीम'मध्ये टाकायला सांगा. मूळ थीम अपडेट झाली की त्यात केलेले बदल पुसले जातात, आणि मग लिंक अचानक कुठं गेली ते कळत नाही.

आत असणाऱ्याला 'लॉगिन' आणि बाहेर असणाऱ्याला 'लॉगआउट' दिसू नये यासाठी 'नॅव मेन्यू रोल्स' हे प्लगिन उपयोगी आहे. मेन्यूतली कोणती लिंक कुणाला दाखवायची ते त्यात ठरवता येतं.

लिंकवर मराठी शब्द कसे आणायचे?

'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल'मध्ये जाऊन 'साइट लँग्वेज' मराठी करा. लॉगिनचं पान आणि वरचा ब्लॉक, दोन्ही मराठीत येतील.

पण ब्लॉकमधले शब्द आपल्या मनाने बदलता येत नाहीत. तुम्हाला 'सभासद प्रवेश' आणि 'खातं बंद करून बाहेर पडा' असे शब्द हवे असतील तर 'लोको ट्रान्सलेट'सारखं भाषांतराचं प्लगिन वापरावं लागतं. मेन्यूतल्या कस्टम लिंकला मात्र हवं ते नाव देता येतं. शब्द आपल्या माणसांना कळतील असे ठेवा. नुसतं 'बाहेर' असं लिहिलं तर काही जणांना वाटतं आपलं सभासदत्वच रद्द होतंय की काय.

लॉगिन झाल्यावर माणूस कुठं जातो?

हे बघितलं नाही तर सगळी मेहनत वाया. साध्या सभासदाला वर्डप्रेसमध्ये 'सबस्क्रायबर' म्हणतात. त्याने लॉगिनच्या पानावरून थेट लॉगिन केलं की वर्डप्रेस त्याला स्वतःच्या प्रोफाइलवर नेऊन सोडतं. तिथं रंग निवडा, नाव बदला असलंच काहीतरी असतं. मालाचा हिशोब कुठं आहे ते त्याला सापडत नाही.

यासाठी 'लॉगिनडब्ल्यूपी' हे प्लगिन आहे, त्याचं जुनं नाव 'पीटर्स लॉगिन रिडायरेक्ट'. कोणत्या प्रकारचा सभासद लॉगिन झाल्यावर कोणत्या पानावर जाईल, आणि लॉगआउट झाल्यावर कुठं जाईल, ते त्यात ठरवता येतं. लॉगआउटनंतर मुख्य पानावर न नेता 'तुमचं खातं बंद झालं आहे, आता मोबाईल दुसऱ्याला द्यायला हरकत नाही' असं लिहिलेलं एक साधं पान दाखवा. माणसाची खात्री पटते.

सावधान : लिंक लपवली म्हणजे पान बंद झालं असं नाही

या बातमीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. मेन्यूतून लिंक लपवली तरी ते पान वेबसाइटवर असतंच. ज्याच्याकडे पानाचा पत्ता आहे तो लॉगिन न करताही ते उघडू शकतो. आणि पत्ता व्हॉट्सअॅपवर फिरायला कितीसा वेळ लागतो?

* पान 'प्रायव्हेट' केलं तर ते फक्त अॅडमिन आणि एडिटर यांनाच दिसतं, साध्या सभासदाला दिसत नाही.
* पानाला पासवर्ड लावता येतो, पण तो सगळ्यांना एकच असतो. एकाने सांगितला की गावभर होतो.
* फक्त सभासदांनाच पान दिसावं असं वाटत असेल तर त्यासाठी सभासदत्वाचं वेगळं प्लगिन लागतं.
* वेबसाइटवर चढवलेली पीडीएफ किंवा फोटो, पान बंद असलं तरी, थेट पत्त्यावरून साधारणपणे उघडता येतात. सभासदांची यादी, आधार क्रमांक, बँक खात्याचे नंबर असलेली फाइल वेबसाइटवर चढवूच नका.

लिंक हे घराचं दार दाखवणारी पाटी आहे. पाटी काढली म्हणून दाराला कुलूप लागत नाही.

खातं उघडं राहिलं तर काय करायचं?

लॉगिन करताना 'मला लक्षात ठेवा' यावर खूण केली तर खातं 14 दिवस उघडं राहतं. खूण केली नाही तर ब्राउझर पूर्ण बंद होईपर्यंत, आणि जास्तीत जास्त 2 दिवस. मोबाईलवर ब्राउझर पूर्ण बंद करण्याची सवय कुणालाच नसते. म्हणून सेवा केंद्रात किंवा दुसऱ्याच्या फोनवर ती खूण करायची नाही, हे सभासदांना आवर्जून सांगा.

कुठं खातं उघडं राहिलंच, तर स्वतःच्या मोबाईलवरून लॉगिन करा आणि प्रोफाइलमध्ये जा. तिथं 'इतर सगळीकडून लॉगआउट करा' या अर्थाचं बटण असतं. ते दाबलं की बाकी सगळीकडचं खातं बंद होतं. पासवर्ड बदलला तरीही तेच होतं. अॅडमिनलाही एखाद्या सभासदाला सगळीकडून बाहेर काढता येतं.

नेहमीचे प्रश्न

लॉगिन केलं तरी 'लॉगिन'च दिसतंय. बहुतेक वेळा कॅशे हे कारण असतं. वेबसाइट लवकर उघडावी म्हणून पानाची जुनी प्रत साठवलेली असते आणि तीच दाखवली जाते. कॅशे साफ करा. सभासदांची पानं कॅशेमधून वगळायला होस्टिंगवाल्याला सांगा. हे हलक्यात घेऊ नका, चुकीच्या सेटिंगमुळे एकाचं पान दुसऱ्याला दिसू शकतं.

ओटीपीने लॉगिन होईल का? मूळ वर्डप्रेसमध्ये ती सोय नाही. वापरकर्त्याचं नाव किंवा ईमेल आणि पासवर्ड, एवढंच चालतं. ओटीपीसाठी वेगळं प्लगिन आणि एसएमएसचा खर्च, दोन्ही आलं.

पासवर्ड विसरला तर? 'पासवर्ड विसरलात?' या लिंकवर दाबलं की ईमेल जातो. पण आपल्याकडे कित्येकांना स्वतःचा ईमेल नाही, किंवा मोबाईल दुकानदाराने काढून दिलेला असतो आणि तो उघडता येत नाही. अशांना अॅडमिन 'युजर्स'मध्ये जाऊन नवीन पासवर्ड देऊ शकतो. लॉगिनच्या लिंकजवळच संस्थेच्या ऑफिसचा फोन नंबर आणि वेळ लिहून ठेवा.

सगळं लावून झाल्यावर तपासा

1. अॅडमिनच्या खात्यातून तपासू नका, अॅडमिनला सगळंच दिसतं. एक साधं सबस्क्रायबर खातं बनवून त्यातून बघा.
2. लॉगिन करा. थेट हिशोबाच्या पानावर पोचलात का?
3. लॉगआउट करा. मधे कोणताही प्रश्न न येता बाहेर पडलात का?
4. आता सभासदांच्या पानाचा पत्ता टाकून बघा. ते उघडलं तर काम अपुरं आहे.
5. हेच सगळं साध्या, कमी किमतीच्या मोबाईलवर करून बघा. लॉगआउटची लिंक तीन रेघांच्या मेन्यूत दडलेली नको, अंगठ्याने सहज दाबता येईल एवढी मोठी हवी.

शेवटी संस्थेतल्या एखाद्या वयस्कर सभासदाच्या हातात मोबाईल द्या आणि काहीही न सांगता बघत राहा. त्यांना विचारावं न लागता आत जाता आलं आणि बाहेर पडता आलं, तर लिंक बरोबर लागल्या असं समजा.