पेन्शनीतले राघोबादादा

मंडळी, मी निवृत्त झालो तेव्हा आमची ही म्हणाली, "आता दिवसभर घरातच बसणार?" मला राघोबादादा आठवले. १७५८ साली लाहोरपर्यंत घोडा दौडवलेला माणूस! १७७५ मध्ये आनंदीबाई धारच्या किल्ल्यात बाळंत झाल्या, तेव्हा हे गुजरातेत इंग्रजांच्या मदतीची वाट बघत होते. पुढे १७८२ चा सालबाईचा तह झाला, दरमहा २५ हजारांची नेमणूक ठरली आणि दोघं आमच्या या कोपरगावात गोदाकाठी राहिली. ना मोहीम, ना मसलत.

वर्गात मी वर्षानुवर्षे 'ध'चा 'मा' ही आख्यायिका रंगवून सांगितली. हा संसार कधी सांगितला नाही. तोही फार टिकला नाही. ११ डिसेंबर १७८३ ला दादा इथेच वारले. धाकटा चिमाजी १७८४ मध्ये, वडिलांच्या पश्चात जन्मला.

आम्हाला पंधरा वर्षे मिळाली आहेत. हिने चहा टाकलाय, उठतो.